सी६० लिपिडच्या पटलात बसवताना: प्रत्येक रेणू सुटा राहील अशी पद्धत

लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिड या तेलकट रेणूंच्या पटलाने बनलेल्या सूक्ष्म पोकळ पिशव्यांमध्ये, सी६० हा कार्बनचा चेंडूसारखा रेणू भरण्याचा माझा पहिला प्रयत्न संपला तेव्हा मी खूश होतो. द्रावण छान दुधाळ दिसत होतं, कणांचा आकार १०० नॅनोमीटरच्या आसपास आला होता. मग धुण्यासाठी एक्स्ट्रूडर (द्रावण बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून लायपोसोम एका आकाराचे करणारं साधन) उघडला. आतल्या पांढऱ्या पातळ चकतीवर तपकिरी रंगाचा गोल डाग बसला होता. मी जो सी६० पटलात गेला असं समजत होतो, त्यातला बराचसा त्या चकतीवर अडकला होता, आणि जो पुढे गेला होता तोही गठ्ठ्यांनी गेला होता. प्रकाश टाकून पाहिलं तर ज्यासाठी हे सगळं केलं तो सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, चटकन अभिक्रिया करणारं रूप, जवळपास नाहीच.

त्या डागाने मला जे शिकवलं, त्यावर हा सगळा लेख उभा आहे. सी६० पटलात आहे की नाही एवढं पाहून भागत नाही. तो तिथे सुटा आहे का, हे पाहावं लागतं. पुढची प्रत्येक पायरी, प्रत्येक तापमान आणि प्रत्येक तपासणी या एकाच गोष्टीसाठी आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात हा प्रयोग करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

आधी थोडं रेणूविषयी

सी६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ चेंडू. १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी तो ओळखला; १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. १९९० मध्ये क्रेशमर आणि हफमन यांनी ग्रॅफाइटच्या काजळीतून तो हातात धरता येईल इतक्या प्रमाणात काढून दाखवला, तेव्हापासून तो बाटलीत विकत मिळू लागला. कार्बनच्या सांगाड्याचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर, इलेक्ट्रॉनांचा ढग धरला तर साधारण १ नॅनोमीटर. लिपिडचा द्विस्तर साधारण ४ नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे चेंडू पटलाच्या आत आरामात मावतो, आणि पाण्याचा तिटकारा असल्यामुळे एकदा आत गेला की स्वतःहून बाहेर येत नाही.

प्रकाश शोषल्यावर सी६० जवळजवळ पूर्णपणे त्रिक अवस्थेत (ट्रिप्लेट, म्हणजे तुलनेने जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत) जातो. त्या अवस्थेत त्याला ऑक्सिजनचा रेणू भेटला की ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो. टोल्युइनसारख्या द्रावकात, हिरव्या प्रकाशात, या प्रक्रियेची कार्यक्षमता ०.९६ च्या घरात मोजली गेली आहे. शोषलेल्या १०० फोटॉनांमागे जवळपास ९६ सिंग्लेट ऑक्सिजन! असे प्रकाशसंवेदक, म्हणजे प्रकाश घेऊन ती ऊर्जा दुसऱ्या रेणूला देणारे पदार्थ, फार थोडे आहेत.

अट एकच, ती म्हणजे रेणू सुटा हवा. सी६० चे रेणू एकमेकांना चिकटले की एका रेणूने घेतलेली ऊर्जा शेजारच्या रेणूतच जिरते, ऑक्सिजनपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे पाण्यात ढवळून केलेला सी६० चा तपकिरी निलंबन-प्रकार प्रकाशात फारसं काही करत नाही. लिपिडचं पटल इथे कामाला येतं ते यामुळेच: पाण्यात राहूनही प्रत्येक चेंडूला वेगळं बसायला तेलकट जागा मिळते. शिवाय पटलाच्या आतल्या तेलकट भागात ऑक्सिजन पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे चेंडूला भेटायला ऑक्सिजन शेजारीच असतो.

सरळ वाटणारा रस्ता आणि तो का फसतो

सगळे आधी हेच करतात: लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये, सी६० टोल्युइनमध्ये, दोन्ही एकत्र, रोटाव्हॅपवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) द्रावक उडवायचा, फ्लास्कच्या तळाला पापुद्रा उरतो, त्यात पाणी घालून हलवायचं. पापुद्रा भिजवून लायपोसोम करण्याची ही रीत १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अॅलेक बँगम यांच्या कामातून आली आणि साध्या लायपोसोमसाठी आजही तिच्यासारखी दुसरी रीत नाही.

सी६० च्या बाबतीत मात्र द्रावक उडतानाच गडबड होते. त्याची विद्राव्यता पाहा: खोलीच्या तापमानाला टोल्युइनमध्ये मिलिलिटरला सुमारे २.८ मिलिग्रॅम, क्लोरोफॉर्ममध्ये केवळ ०.१६ मिलिग्रॅम, हेक्सेनमध्ये ०.०४. द्रावक कमी होत जातो तसा सी६० आधी बाहेर पडतो, त्याचे बारीक स्फटिक होतात, आणि लिपिडचा पापुद्रा नंतर त्यांच्यावर बसतो. पाणी घातल्यावर हे स्फटिक तसेच राहतात. द्रावणाला पिवळट तपकिरी झाक येते, तळाला काळपट कण दिसतात, आणि एक्स्ट्रूडरच्या चकतीवर तो डाग पडतो.

तरीही माझा सल्ला आहे की एक छोटी बॅच या रीतीने जरूर करा. ६.८ मिलिग्रॅम डीएमपीसी (आपण वापरणार आहोत तो लिपिड) आणि ०.१४ मिलिग्रॅम सी६० पुरे. फसलेला नमुना कसा दिसतो, त्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ती रेषा) कसा येतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं की चांगला नमुना ओळखता येतो. ही बॅच फेकू नका, पुढे तुलनेला लागेल.

खरा रस्ता: द्रोणातून पटलात

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या साखळीचं कडं. गॅमा प्रकारात आठ ग्लुकोज असतात आणि मधली पोकळी सी६० ला साजेशी असते. पंगतीतले दोन द्रोण तोंडाला तोंड लावून मध्ये लाडू धरावा, तसे दोन गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन एका सी६० ला धरतात. बाहेरून साखर, आत चेंडू. त्यामुळे ही जोडी पाण्यात विरघळते. १९९२ साली स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी हे दाखवलं. पुढे जपानमध्ये १९९९ च्या सुमारास कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी कोरड्या दळणाने ते सोपं केलं, आणि अत्सुशी इकेदा यांच्या गटाने द्रोणातला चेंडू लायपोसोममध्ये उतरवण्याची अदलाबदल पद्धत विकसित केली. २००५ मध्ये त्यांनी अशा लायपोसोमवर प्रकाश टाकून डीएनए तुटतो हे दाखवलं. डीएनए पटलाच्या बाहेर होता, चेंडू पटलाच्या आत. तरी परिणाम बाहेर पोहोचला.

या पद्धतीचं सौंदर्य असं की सी६० कुठल्याही क्षणी मोकळा, निराधार राहत नाही. साखरेच्या हातातून थेट लिपिडच्या हातात जातो. घोळका करायला त्याला संधीच मिळत नाही.

दळण

सी६० चे ५ मिलिग्रॅम आणि गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनचे ३६ मिलिग्रॅम तोलून घ्या. हे मोलच्या हिशोबात एकास चार होतं, म्हणजे गरजेच्या दुप्पट द्रोण. हा जास्तीचा साठा मुद्दाम आहे. दोन्ही पावडरी अॅगेटच्या (अकीक दगडाच्या) कुपीत अॅगेटच्या दोन गोळ्यांसह घाला आणि कंपन-गिरणीत ३० हर्ट्झवर २० मिनिटं दळा. गिरणी नसेल तर अॅगेटच्या खलबत्त्यात हातानेही होतं, उतारा कमी मिळतो आणि खांदे दुखतात. कुपी उघडताना ती धूर-कपाटातच उघडा आणि मास्क लावा. बारीक कार्बनची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

दळलेल्या पावडरीत १.५ मिलिलिटर शुद्ध पाणी घालून चांगलं हलवा, मग १४,००० आरपीएमवर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. न विरघळलेला सी६० तळाला काळा बसतो. वरचं पाणी जांभळं निघतं, टोल्युइनमधल्या सी६० सारखंच जांभळं. कार्बनचा चेंडू पाण्यात, आणि रंग द्रावकातला. पहिल्यांदा पाहताना मी बराच वेळ ती नळी उजेडासमोर धरून बसलो होतो. वरचं पाणी तळ न ढवळता पिपेटने काढून घ्या. पाणी तपकिरी असेल तर दळण कमी पडलं आहे किंवा तळाचा गाळ वर आला आहे. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

आता किती सी६० मिळाला ते मोजा. मूळ द्रावण १०० पट विरळ करून क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये स्पेक्ट्रम घ्या. ३३२ नॅनोमीटरजवळ टोकदार शिखर दिसेल; तिथला मोलर शोषणांक (ठरावीक प्रमाणातला पदार्थ किती प्रकाश शोषतो तो आकडा) ५०,००० च्या आसपास धरून हिशोब करता येतो. पण मी एवढ्यावर थांबत नाही. टोल्युइनमध्ये तोलून केलेल्या सी६० च्या चार-पाच द्रावणांवरून ३३५ नॅनोमीटरची स्वतःची प्रमाण-रेषा काढून ठेवा. ती पुढे शेवटच्या मोजणीला लागणारच आहे, आणि आपल्याच यंत्रावर काढलेली रेषा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भरवशाची.

हे द्रावण पाण्याने विरळ करून ४० मायक्रोमोलर करा. विरळ केलेलं त्याच दिवशी वापरा. दाट साठा अंधारात, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

लायपोसोम

लिपिड कुठला घ्यावा हा प्रश्न नेहमी येतो. सुरुवात डीएमपीसीने करा. त्याच्या शेपट्या संपृक्त आहेत, दुहेरी बंध नाहीत, म्हणून स्वतःच तयार केलेल्या सिंग्लेट ऑक्सिजनमुळे तो खराब होत नाही. डीओपीसी किंवा अंड्यातलं लेसिथिन घेतलंत तर त्यांच्या दुहेरी बंधांवर हल्ला होऊन पेरॉक्साइड तयार होतात आणि पटल गळू लागतं. पटल गळणं हाच तुमचा अभ्यासविषय असेल तर डीओपीसी उत्तम. आत काल्सीन हा चमकणारा रंग भरून त्याचं गळणं मोजता येतं. पण पद्धत शिकताना बदलणाऱ्या गोष्टी कमी असलेल्या बऱ्या.

डीएमपीसीचं वितळण-तापमान २३ ते २४ अंश सेल्सियस आहे, आणि आपल्याकडे हा आकडा त्रासदायक आहे. पुण्यातल्या मे महिन्यात प्रयोगशाळेचं तापमान सहज ३० च्या वर असतं आणि पटल द्रव असतं. डिसेंबरच्या सकाळी किंवा एसी जोरात लावलेल्या खोलीत तेच पटल गोठायच्या काठावर येतं. एकाच नमुन्याची सकाळची आणि दुपारची मोजणी जुळत नाही तेव्हा आधी थर्मामीटर बघा. डीपीपीसी या दुसऱ्या संपृक्त लिपिडचं हेच तापमान ४१ अंश, डीओपीसीचं शून्याच्या बरंच खाली, उणे १७ च्या सुमारास.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट: लिपिडची पावडर हवेतलं पाणी ओढते. फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर आत दव धरतं आणि त्यानंतरचं प्रत्येक वजन खोटं येतं. बाटली डेसिकेटरमध्ये तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. सगळ्यात चांगलं म्हणजे नवी बाटली एकदाच उघडून क्लोरोफॉर्ममध्ये ठरावीक प्रमाणाचं द्रावण करायचं आणि काचेच्या, टेफ्लॉनच्या झाकणाच्या बाटल्यांत उणे २० अंशाला ठेवायचं. प्लास्टिकच्या नळ्या क्लोरोफॉर्मला चालत नाहीत. नायट्राइल हातमोजेही क्लोरोफॉर्म फार काळ अडवत नाहीत. थेंब सांडला तर हातमोजा लगेच बदला.

६.८ मिलिग्रॅम डीएमपीसी, म्हणजे १० मायक्रोमोल, गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्मसह घ्या आणि रोटाव्हॅपवर सावकाश उडवा. तळाला समान, जवळजवळ न दिसणारा पापुद्रा हवा. एका कडेला जाड साय जमली असेल तर थोडं क्लोरोफॉर्म घालून पुन्हा करा. मग निर्वात पंपावर किमान दोन तास, शक्यतो रात्रभर. उरलेलं क्लोरोफॉर्म पटल बिघडवतं.

भिजवायला १० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, ५ मिलिलिटर. बफरबाबत दोन गोष्टी आवर्जून सांगतो, कारण यात लोकांचे आठवडे वाया जातात. बफर टिकावा म्हणून त्यात सोडियम अझाइड घालण्याची सवय बऱ्याच प्रयोगशाळांत असते. अझाइड हा सिंग्लेट ऑक्सिजन मारणारा पदार्थ आहे. कपाटातली जुनी बाटली उचलली तर सगळं बरोबर करूनही उत्तर शून्य येईल. बफर स्वतः करा, ताजा करा. दुसरं, हेपेस बफर या प्रयोगासाठी टाळा. प्रकाशात तो स्वतःच ऑक्सिडेशनच्या भानगडीत पडतो.

फ्लास्क ४० अंशाच्या पाण्यात ठेवून अर्धा तास मधूनमधून हलवा. पापुद्रा सुटून पाणी दुधाळ होतं. मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं आणि ४० अंशाच्या पाण्यात वितळवणं, असं पाच ते दहा वेळा. यासाठी चष्मा आणि जाड हातमोजे घाला, आणि घट्ट झाकण लावलेली नळी नायट्रोजनमध्ये बुडवू नका. यामुळे एकात एक अडकलेले थर मोकळे होतात.

शेवटी एक्स्ट्रूडर: १०० नॅनोमीटर छिद्रांची पॉलिकार्बोनेट चकती, ठोकळा ३५ ते ४० अंशाला गरम, २१ वेळा आरपार. विषम आकडा मुद्दाम. त्यामुळे शेवटचं द्रावण पलीकडच्या सिरिंजमध्ये मिळतं आणि पहिल्या बाजूचा गाळ त्यात येत नाही. द्रावण आता दुधाळ न राहता किंचित निळसर, आरपार दिसणारं असेल. प्रकाश-विकिरणाने आकार तपासा. १०० ते १२० नॅनोमीटर आणि बहुविखुरण-निर्देशांक (कणांचे आकार एकमेकांपासून किती वेगळे आहेत तो आकडा) ०.१ च्या आसपास आला तर पुढे जा.

अदलाबदल

२ मिलिमोलर लायपोसोम आणि ४० मायक्रोमोलर सी६०-सायक्लोडेक्स्ट्रिन, प्रत्येकी १ मिलिलिटर, स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या कुपीत. मिश्रणात १ मिलिमोलर लिपिडला २० मायक्रोमोलर सी६०, म्हणजे २ मोल टक्के. याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा तर हिशोब करा: १०० नॅनोमीटरच्या एका लायपोसोममध्ये, दर लिपिडला ०.६ चौरस नॅनोमीटर जागा धरली तर दोन्ही थर मिळून ९५,००० च्या आसपास लिपिड बसतात. २ टक्क्यांनी एका लायपोसोमला सुमारे १,९०० चेंडू. सुटे राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर जागा आहे. हव्यासापोटी पहिल्याच वेळी १० टक्क्यांवर उडी मारू नका.

कुपी ८० अंशाच्या गरम पाण्यात किंवा ठोकळ्यात ठेवा, अंधारात, एक ते दोन तास. खोलीच्या तापमानाला द्रोणाची पकड घट्ट असते, ८० अंशाला ती सुटते. सुटलेल्या चेंडूला शेजारी पटल सापडतं आणि तो आत शिरतो.

याच्याबरोबर एक दुसरी कुपी ठेवायलाच हवी: सी६०-सायक्लोडेक्स्ट्रिन तेवढंच, पण लायपोसोमऐवजी नुसता बफर. इथे पकड सुटल्यावर चेंडूला जायला जागा नाही, म्हणून तो गठ्ठे करतो आणि द्रावणाला पिवळट तपकिरी झाक येते. दोन कुप्या शेजारी धरल्या की लिपिडने काय केलं ते दिसतं. तिसरी कुपी नुसत्या लायपोसोमची, तेवढीच गरम केलेली. तिचा स्पेक्ट्रम पुढे वजा करायला लागेल.

दर अर्ध्या तासाने थोडं काढून स्पेक्ट्रम घ्या. बदल थांबला की अदलाबदल पूर्ण झाली. मग पाण्याने गार करा, पण डीएमपीसी असल्यास २५ अंशाच्या खाली नेऊ नका.

एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर हाच प्रयोग जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) करा. चेंडू धरलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचे संकेत रिकाम्या सायक्लोडेक्स्ट्रिनपेक्षा वेगळ्या जागी येतात. गरम केल्यावर पहिले नाहीसे होऊन दुसरेच उरले, तर चेंडूने द्रोण सोडला याचा तो थेट पुरावा. मात्र तो लिपिडमध्ये गेला की गठ्ठ्यात, हे एनएमआर इथे सांगत नाही. ते स्पेक्ट्रमवरून ठरवायचं.

सुटा आहे का?

नुसत्या लायपोसोमचा स्पेक्ट्रम वजा करा, कारण लायपोसोम प्रकाश विखुरतात आणि अतिनील भागात ते शोषणासारखंच दिसतं. उरलेल्या रेषेत तीन जागा पाहा. ३३५ नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर उंच आणि अरुंद हवं. सायक्लोडेक्स्ट्रिनमधल्या जागेपेक्षा ते थोडं उजवीकडे सरकतं, ते ठीक आहे. ४०५ नॅनोमीटरजवळ एक छोटं, टोकदार शिखर सुट्या सी६० ची खूण आहे. ते पुसट होणं ही पहिली धोक्याची सूचना. आणि ४०० ते ५५० मध्ये पसरट उंचवटा, ४५० च्या आसपास माथा असलेला, हा गठ्ठ्यांचा. आता ती फसलेली पापुद्र्याची बॅच काढा आणि तिचा स्पेक्ट्रम याच कागदावर काढा. दुसरं काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

मग ५,००० जी वर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज. सी६० चे गठ्ठे जड असतात, खाली बसतात. १०० नॅनोमीटरचे लायपोसोम बसत नाहीत. तळाला तपकिरी टिपका दिसला तर तेवढा सी६० पटलात नाही.

प्रत्यक्ष किती आत गेला हे मोजायला लायपोसोम मोडावे लागतात. सेंट्रिफ्यूजनंतरचं वरचं द्रावण २०० मायक्रोलिटर घ्या, निर्वातात कोरडं करा, १ मिलिलिटर टोल्युइन घालून सोनिकेटरमध्ये दहा मिनिटं ठेवा. लिपिड आणि सी६० दोन्ही टोल्युइनमध्ये जातात, बफरचं मीठ तळाला राहतं. ३३५ नॅनोमीटरला मोजा आणि आपल्या प्रमाण-रेषेवरून सी६० काढा. क्युव्हेट क्वार्ट्झची हवी; स्वस्त प्लास्टिकच्या क्युव्हेट टोल्युइनमध्ये विरघळतात, आणि त्या यंत्राच्या आत विरघळल्या तर तुमचं नाव बरेच दिवस चर्चेत राहतं.

पेशींवर प्रयोग करायचा असेल तर मोकळं सायक्लोडेक्स्ट्रिन डायलिसिसने किंवा जेलच्या स्तंभातून काढून टाका. फक्त प्रकाशाचा प्रयोग असेल तर ते राहिलं तरी चालतं, पण मग नुसत्या लायपोसोमच्या तुलना-नमुन्यातही तेवढंच घाला.

प्रकाश

सिंग्लेट ऑक्सिजन पकडायला एबीडीए वापरा. अँथ्रासीनचा पाण्यात विरघळणारा हा भाऊ सिंग्लेट ऑक्सिजनला भेटला की त्याचं ३८० नॅनोमीटरचं शोषण कमी होतं. २५ मायक्रोमोलर एबीडीए आणि १० मायक्रोमोलर सी६० चे लायपोसोम घ्या, थोडा थोडा वेळ प्रकाश द्या, दर वेळी स्पेक्ट्रम. सी६० स्वतःही ३८० ला थोडं शोषतो, म्हणून एबीडीए नसलेला तोच नमुना वजा करा.

दिव्याची निवड इथे निर्णायक आहे. एबीडीएला थेट प्रकाश लागता कामा नये, म्हणून ४५० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर लावा. अडचण अशी की दृश्य प्रकाशात सी६० कमी शोषतो. परिणाम मंद वाटला तर सी७० वर, म्हणजे सत्तर कार्बन अणूंच्या तशाच रेणूवर, या. तोच दळणाचा आणि अदलाबदलीचा मार्ग, पण सी७० ला ४७० नॅनोमीटरजवळ चांगलं शोषण आहे, म्हणजे साधा निळा एलईडी पुरतो. सिंग्लेट ऑक्सिजनची कार्यक्षमता सी६० पेक्षा थोडी कमी, ०.८ च्या आसपास, पण शोषणात तो ती कसर भरून काढतो. माझ्या मते शिकणाऱ्याने प्रकाशाचा पहिला यशस्वी प्रयोग सी७० वरच करावा.

एबीडीए पटलात शिरत नाही, ते बाहेरच्या पाण्यात राहतं. मग पटलातला सिंग्लेट ऑक्सिजन त्याला कसा भेटतो? पाण्यात सिंग्लेट ऑक्सिजन सुमारे ४ मायक्रोसेकंद जगतो आणि तेवढ्या वेळात साधारण १०० ते २०० नॅनोमीटर सरकतो. ४ नॅनोमीटरच्या पटलातून बाहेर पडायला हे पुष्कळ आहे.

हे सगळं खरंच सिंग्लेट ऑक्सिजनमुळे होतंय हे सिद्ध करायला तुलना-नमुने: अंधारात ठेवलेला, सी६० नसलेला, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेला, आणि मुद्दाम अझाइड घातलेला. या चारही ठिकाणी एबीडीए टिकलं पाहिजे. पाचवा नमुना जड पाण्यातला. तिथे सिंग्लेट ऑक्सिजन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त जगतो, म्हणून एबीडीए जास्त वेगाने संपायला हवं. हा पाचवा नमुना मला सगळ्यात पटणारा वाटतो, कारण बाकी सगळे परिणाम थांबवतात आणि हा वाढवतो. १,२७० नॅनोमीटरचं क्षीण अवरक्त तेज मोजणारं यंत्र जवळ असेल तर अर्थातच तो थेट पुरावा.

आणि पापुद्र्याची ती बॅच याच दिव्याखाली, सी६० चं प्रमाण तेवढंच ठेवून, लावा. माझ्याकडे एबीडीए तिथे जेमतेम हललं, आणि अदलाबदलीच्या नमुन्यात मात्र घसरत गेलं. सी६० तेवढाच, लिपिड तेवढंच, दिवा तोच.

पुढे कुठे जायचं

यातून फोटोडायनॅमिक उपचाराकडे (प्रकाशसंवेदक आणि प्रकाश वापरून नको त्या पेशी मारण्याकडे) जाणारा रस्ता अनेकांना खुणावतो. अडसर हा की शरीरात खोल जाणारा लाल प्रकाश सी६० फार कमी शोषतो. इकेदा यांच्या गटाने त्यावर पटलातच दुसरा, लाल प्रकाश शोषणारा रंग बसवून तो अँटेनासारखा वापरला; रंग प्रकाश घेतो आणि ऊर्जा शेजारच्या फुलरिनला, म्हणजे कार्बनच्या चेंडूला, देतो. दुसरी वाट इलेक्ट्रॉनांची आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ह्वांग आणि मॉझरॉल यांनी लिपिडच्या द्विस्तरात सी७० ठेवून, प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येतात हे दाखवलं. ज्यांना प्रकाशसंश्लेषणाची नक्कल करण्यात रस आहे त्यांनी ही वाट धरावी.

साठवण आणि आवराआवर

तयार नमुना डीएमपीसीचा असेल तर फ्रीजमध्ये ठेवू नका. ४ अंशाला पटल गोठतं, शेपट्या ताठ होऊन जवळ येतात आणि चेंडूंना एकत्र ढकलतात. ३० अंशाच्या आसपास, फॉइलमध्ये, काही दिवसांतच वापरून टाका. डीप फ्रीजर तर नकोच. बर्फ लायपोसोम फोडतो. वापरण्याआधी ४०५ आणि ४५० नॅनोमीटर पुन्हा बघा, पहिल्या दिवसाचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवून.

टोल्युइनचा कचरा हॅलोजनविरहित बाटलीत, क्लोरोफॉर्मचा हॅलोजनयुक्त बाटलीत, एकमेकांत नाही. अॅगेटची कुपी आणि गोळ्या आधी पाण्याने, मग टोल्युइनने धुवा. टोल्युइनला जांभळी झाक येत असेल तोवर धुणं चालू ठेवा. आणि एक्स्ट्रूडरची चकती फेकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. ती पांढरी असली पाहिजे.